शिक्का खरा, मजकूर खोटा

जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंती आता कोऱ्या राहिलेल्या नाहीत. पाढे, बाराखडी, महाराष्ट्राचा नकाशा, सूर्यमाला, पाणी वाचवा, मुलगी शिकवा, कुठे अख्ख्या वर्गखोलीला रेल्वेच्या डब्याचे रूप. 'बोलक्या भिंती' या नावाने हे गावोगाव दिसते, आणि 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानातल्या चढाओढीने त्याला आणखी वेग आला. यात वाईट काही नाही. पाढ्यांची भिंत मुलाच्या खरोखर कामी येते. अडचण होते ती ज्ञान आणि सत्य याच गोष्टी रंगवायची वेळ आली म्हणजे. तिथे आपल्याकडे दोनच उत्तरे तयार असतात: वीणा घेतलेली सरस्वती, किंवा थोरामोठ्यांच्या तसबिरी. 2022 च्या सप्टेंबरात छगन भुजबळ यांनी शाळांत सरस्वतीऐवजी फुले, सावित्रीबाई, शाहू, आंबेडकर यांची चित्रे असावीत असे म्हटले आणि वाद पेटला. दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या. पण त्या चित्रापुढे उभ्या राहिलेल्या पोराने करायचे काय, हे कोणी विचारले नाही, कारण दोन्हीकडचे उत्तर एकच होते: हार घालायचा, हात जोडायचे आणि वर्गात जाऊन बसायचे. ज्ञानाच्या चित्राने पाहणाऱ्याला नमस्कारावर सोडता कामा नये. त्याने प्रश्न विचारावा असे काहीतरी त्या चित्रातच असले पाहिजे. हे काम देवतेच्या किंवा व्यक्तीच्या चित्रापेक्षा रूपकचित्र चांगले करते, आणि ते रूपक आपल्या परिसरातल्या घटनेवर उभे असेल तर अधिकच. परंडा तालुक्याच्या पदरी असा एक विषय पडून आहे.

परंड्याचा भुईकोट किल्ला बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने बांधवला, असे परंपरेने सांगतात. गवान इराणातल्या गिलान प्रांतातला. व्यापारी म्हणून दख्खनमध्ये आला आणि पुढे बिदरच्या दरबारात वजीर झाला. 1472 मध्ये बिदरला त्याने मोठा मदरसा उभारला; त्यातल्या ग्रंथालयात 3,000 ग्रंथ होते असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. गवान स्वतः गणिताचा आणि फारसी साहित्याचा जाणकार होता. त्याने लिहिलेल्या पत्रांचा संग्रह 'रियाज-उल-इन्शा' या नावाने आजही उपलब्ध आहे. याखेरीज पत्रलेखन कसे करावे यावर त्याने 'मनाझिर-उल-इन्शा' हा स्वतंत्र ग्रंथही लिहिला. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पत्र कसे लिहावे हे दख्खनला शिकवणारा हा माणूस अखेर त्याने न लिहिलेल्या एका पत्रापायी मारला गेला.

गवानाने राज्याचे चार तरफ, म्हणजे प्रांत, मोडून आठ केले. प्रत्येक तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवून बाकीचे थेट सुलतानाकडे घेतले आणि जमिनीची मोजणी सुरू केली. ज्यांचे हात आखडले ते सरदार बिथरले. दरबारात दख्खनी आणि परदेशी असे दोन तट होतेच. फिरिश्ता सांगतो ते असे: विरोधकांनी गवानाचा शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला भेटी देऊन, दारू पाजून वश केले आणि कोऱ्या कागदावर वजिराचा शिक्का उठवून घेतला. मग त्या कागदावर ओडिशाच्या राजाला चिठ्ठी लिहिली, की आमचा सुलतान व्यसनी आहे, तुम्ही चालून या, राज्य वाटून घेऊ. ती सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहाच्या हाती पडेल अशी तजवीजही केली. सुलतान त्या वेळी कोंडापल्लीच्या छावणीत होता आणि नशेत होता. त्याने गवानाला बोलावून विचारले, हा शिक्का तुझा का? गवान म्हणाला, शिक्का माझा आहे, पत्र माझे नाही. एवढ्यावर सुनावणी संपली. 5 एप्रिल 1481 रोजी सत्तरी ओलांडलेल्या वजिराचे डोके उडवण्यात आले. पुढच्या वर्षी सुलतानही गेला. शेवटच्या दिवसांत तो पश्चात्तापाने झुरत होता अशी नोंद आहे. बहमनी राज्य त्यानंतर सावरलेच नाही आणि त्याची पाच शकले झाली. या कटातला प्रमुख म्हणून ज्याचे नाव येते त्या मलिक हसनच्या मुलाने 1490 मध्ये अहमदनगरची निजामशाही काढली. 1600 मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर मलिक अंबरने त्याच निजामशाहीची गादी कुठे मांडली, तर परंड्याला. ज्याच्यावर कुभांड रचले त्याचा म्हणून सांगितला जाणारा किल्ला कुभांड रचणाऱ्याच्या वंशजांची राजधानी झाला. एखाद्या नाटककाराने हे रचले असते तर समीक्षकांनी त्याला योगायोगाचा अतिरेक म्हणून झोडपले असते.

या घटनेचे चित्र जवळपास त्याच काळात रंगवले गेले, फक्त ते परंड्यात किंवा बिदरमध्ये नव्हे, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात. 1494-95 च्या सुमारास बॉत्तिचेल्लीने 'अपेलीझवरील कुभांड' हे चित्र काढले. ते आज त्याच शहरातल्या उफित्सी संग्रहालयात आहे. विषय जुना होता. अपेलीझ या ग्रीक चित्रकारावर एका प्रतिस्पर्ध्याने राजद्रोहाचा खोटा आळ घेतला, आणि सुटका झाल्यावर त्याने आपला अनुभव रूपकात मांडला, अशी कथा ल्यूशियन या ग्रीक लेखकाने लिहून ठेवली होती. मूळ चित्र केव्हाच नष्ट झाले; ल्यूशियनच्या वर्णनावरून बॉत्तिचेल्लीने ते नव्याने उभे केले. सिंहासनावर गाढवाच्या कानांचा न्यायाधीश बसला आहे. त्याच्या एका कानाशी अज्ञान कुजबुजते, दुसऱ्या कानाशी संशय. मत्सर पुढे सरसावला आहे, सुंदर स्त्रीच्या रूपातले कुभांड हातात मशाल घेऊन एका निरपराध तरुणाला केसांनी ओढत आणते आहे, आणि कपट व दगाबाजी मागून तिच्या वेणीत फुले माळत आहेत. मागे काळ्या वस्त्रातली म्हातारी, म्हणजे पश्चात्ताप, मान वळवून पाहते आहे. आणि सर्वांत टोकाला एकटी उभी आहे ती विवस्त्र सत्यदेवता, बोट आकाशाकडे केलेली. बॉत्तिचेल्लीला गवानाचे नावही माहीत असण्याचे कारण नाही. तरी कोंडापल्लीच्या छावणीतले प्रत्येक पात्र या चित्रात सापडते: हलक्या कानाचा राजा, कुजबुजणारे, शिक्केबरदाराला फितवणारे कपट, उशिरा आलेला पश्चात्ताप. रूपकाचे बळ यातच आहे. ते एका प्रसंगातले नाव-गाव बाजूला ठेवते आणि यंत्रणा उघडी करून दाखवते. ज्ञानाचा गौरव म्हणून ते ज्ञान या शब्दाला मखरात बसवत नाही; ज्ञानाचे शत्रू कोण, ते कसे काम करतात आणि सत्य एकटे का पडते, हे डोळ्यांपुढे ठेवते.

हा विषय आज शाळेच्या भिंतीवर का हवा, हे वेगळे पटवून देण्याची फारशी गरज नसावी. गवानाच्या प्रकरणात पुरावा म्हणून मांडलेली वस्तू पूर्ण खोटी नव्हती. शिक्का अस्सल होता, मजकूर बनावट. आजची बहुतेक फसवणूक अशीच असते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशात फोटो खरा असतो, त्याखालची ओळ खोटी असते. चित्रफीत खरी असते, पण दुसऱ्या गावची आणि दुसऱ्या वर्षाची. एखाद्या नेत्याचा आवाज हुबेहूब त्याचाच वाटतो, वाक्ये यंत्राने बनवलेली असतात. सरकारी बोधचिन्ह असलेली बनावट पत्रे तर नित्याची झाली आहेत. 'खरे बोलावे' एवढे शिकवून या फसवणुकीपुढे मुलाचा निभाव लागत नाही, कारण खोटे तो बोलत नसतोच. तो फक्त पुढे पाठवत असतो. त्याला शिकवायचे ते असे, की शिक्का ओळखला म्हणजे मजकूर तपासला असे होत नाही. सुलतानाने अक्षर ताडून पाहिले असते, चिठ्ठी आणणाऱ्याला विचारले असते, एक रात्र थांबला असता, तर कट उघडा पडण्याचा संभव होता. तपासणीच्या या पायऱ्या चित्रात दाखवता येतात. मधोमध कोरा, पण शिक्का उठवलेला कागद. एका बाजूला पेला पुढे करणारे हात. वर कानाशी लागलेली तोंडे. मागे मदरशाचा मनोरा आणि ग्रंथ. बॉत्तिचेल्लीची उघडी सत्यदेवता झेडपीच्या भिंतीवर चालणार नाही, आणि तिची गरजही नाही. इथे सत्य म्हणजे दोन पत्रे शेजारी ठेवून अक्षर ताडून पाहणारी एक शाळकरी मुलगी असू शकते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की रूपकचित्र पोरांना कळत नाही. ते जाणकारांचे खेळ आहेत. आक्षेपात तथ्य आहे. परंड्याशीच जोडलेली मलिक-ए-मैदान ही तोफ पाहा. 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली ही अजस्र तोफ पुढे परंड्याला होती आणि तिथून 1632 मध्ये मुरार पंडिताने ती विजापूरला नेली. तिच्या तोंडाशी जबडा वासलेला सिंह आहे आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडला जातो आहे. हे सत्तेचे रूपक आहे आणि अक्षर न वाचता येणाऱ्यालाही ते क्षणात कळते. सत्याच्या रूपकाला ही सोय नाही. ते समजावून सांगावे लागते. पण म्हणून ते टाकून द्यायचे का? आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी ही अडचण ओळखली होती आणि तिच्यावर उपायही काढला होता.

अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात, ओसरीच्या डाव्या टोकाला, भवचक्राचे चित्र आहे. ते आता बरेच झडले आहे. असे चक्र विहाराच्या दारात काढण्याची आज्ञा 'दिव्यावदान' या बौद्ध ग्रंथात येते. चक्राच्या मध्यभागी कबूतर, साप आणि डुक्कर काढायचे, म्हणजे आसक्ती, द्वेष आणि मोह. भोवती जन्माच्या गती, आणि कडेला अज्ञानापासून सुरू होऊन जरा-मरणापर्यंत जाणारी बारा निदाने, म्हणजे कारणांची साखळी. म्हणजे अज्ञानातून दुःख कसे निपजते याचा हा रंगवलेला युक्तिवाद होता. त्या ग्रंथातली पुढची गोष्ट मोठी मार्मिक आहे. चित्र काढून झाले, येणारेजाणारे विचारू लागले, हे काय आहे? भिक्षू म्हणाले, आम्हालाही माहीत नाही. तेव्हा बुद्धाने सांगितले, की दारात एक भिक्षू नेमा आणि येईल त्याला त्याने चित्र समजावून द्यावे. मग कोणालाही बसवू लागले, तेव्हा पुन्हा सांगावे लागले, की जाणकार असेल त्यालाच नेमा. चित्राइतकाच समजावणारा महत्त्वाचा, हा नियम इतक्या जुन्या काळी घालून दिलेला आहे. तो मोडल्यावर काय होते हेही अजिंठ्यातच दिसले. लेणी ओस पडली, समजावणारा राहिला नाही, आणि एकोणिसाव्या शतकात आलेल्या इंग्रज पाहुण्यांनी ते चक्र राशिचक्र समजून लेण्यालाच 'झोडियाक केव्ह' असे नाव दिले. शतकाच्या अखेरीस वॉडेल या अभ्यासकाने तिबेटी भवचक्रांशी ताडून पाहिले तेव्हा खरा अर्थ उलगडला. अज्ञानावरचे चित्र अज्ञानातच पाहिले जात होते. शाळेपुरता उपाय सोपा आहे: दरवर्षी सातवीतल्या मुलामुलींनी पाळीपाळीने त्या भिंतीपुढे उभे राहून पाहुण्यांना, पालकांना आणि पाचवीतल्या नव्या मुलांना चित्र समजावून द्यावे. समजावताना अडखळेल तो स्वतः शोधू लागेल. चित्राचा खरा उपयोग तिथेच होतो.

दुसरा आक्षेप दोन तोंडांचा आहे. एक म्हणेल, सरस्वती असताना असले उपरे रूपक कशाला? दुसरा म्हणेल, फुल्यांची तसबीर असताना रूपक कशाला? पहिल्याला उत्तर देताना ज्ञानेश्वरीच्या आरंभीचा गणेश आठवावा. 1290 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरांनी तो मांडला तेव्हा हात जोडण्याइतकेच तो उलगडून पाहण्याचे काम त्यांनी श्रोत्याला दिले. त्या गणेशाच्या सहा हातांत सहा दर्शने आहेत, परशू म्हणजे तर्क, अंकुश म्हणजे न्याय, मोदक म्हणजे वेदान्त, सोंड म्हणजे विवेक, आणि मोडलेला दात म्हणजे खंडन झालेले मत. वादविवादाची अख्खी शाळा त्या एका मूर्तीत बसवली आहे. घरोघरी पूजली जाणारी देवता असे बोलू शकत असेल, तर परंपरेला रूपक परके आहे असे कोण म्हणेल? उलट 1894 मध्ये गिरगावात रविवर्म्याचा छापखाना सुरू झाल्यानंतर सरस्वतीच्या ज्या रंगीत प्रती घरोघर गेल्या, त्या डोळ्याला सुखावणाऱ्या आहेत. पण त्यांतले पुस्तक कशाचे, हे कोणाला विचारावेसे वाटत नाही. दुसऱ्या बाजूला सांगायचे ते असे, की जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये स्थापन केलेल्या समाजाच्या नावातच सत्याचा शोध आहे, आणि त्यांची 'गुलामगिरी' व 'सार्वजनिक सत्यधर्म' ही दोन्ही पुस्तके प्रश्नोत्तरांच्या रूपात आहेत. समोरचा विचारतो, जोतीराव उत्तर देतात, तो पुन्हा हरकत घेतो. हार घातलेल्या तसबिरीत ही हरकत घेणारी व्यक्ती दिसेनाशी होते. फुल्यांची तसबीर जरूर असावी. तिच्यासमोर त्यांची पद्धतही असावी.

आणि प्रश्नोत्तराची रीत परंड्याला बाहेरून आणावी लागत नाही. समर्थशिष्य कल्याणस्वामींचा मठ याच तालुक्यात, सीनेकाठी डोमगावला आहे. कल्याणांच्या हातची दासबोधाची प्रत या मठाने जपली, आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी तिच्या आधारे विसाव्या शतकाच्या आरंभी दासबोध छापला. ग्रंथ छापण्याआधी कोणाच्या हातचे अक्षर आहे ते पाहायचे, ही दृष्टी त्या प्रकाशनामागे होती, आणि गवानाच्या सुलतानाला नेमकी तीच सुचली नाही. खुद्द दासबोधही श्रोते आशंका घेतात आणि वक्ता ती फेडतो अशाच पद्धतीने पुढे सरकतो. परंडा गावात समाधी असलेल्या हंसराजस्वामींनीही अवघड ग्रंथ सामान्यांना उलगडून सांगण्यात आयुष्य वेचले. म्हणजे समजावणारा नेमण्याची चाल इथे मुरलेली आहे. तिला फक्त मठाच्या ओसरीवरून शाळेच्या ओसरीवर यायचे आहे.

तिसरा आक्षेप जास्त तापदायक ठरेल: गवानच का? तो परदेशी, त्यात बहमनी वजीर, आणि 1469 ते 1472 च्या कोकण मोहिमेत खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, आणि गोवा त्याने जिंकले. तिथल्या मराठा सरदारांशी तो निष्ठुरपणे लढला. हे सगळे खरे आहे आणि ते लपवायचे कारण नाही. पण या चित्रात गवान नायक नाही. तो आरोपी आहे, आणि आरोप खोटा आहे. निरपराध माणूस आपल्याला आवडणारा असेल तरच त्याच्यावरचा आळ खोटा मानायचा, असे ठरवले तर आपण सिंहासनावरच्या त्या लांब कानांच्या न्यायाधीशाच्याच जागी बसतो. हवे तर चित्रात गवानाचा चेहराही नको. शिक्का, कोरा कागद आणि दौत पुरे आहेत. मला तर तेच अधिक चांगले वाटते, कारण चेहरा दिसला की जात आणि धर्म विचारला जातो, कागद दिसला की अक्षर पाहिले जाते.

याच्याशी लागून इतिहासकारांचा आक्षेप येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. फिरिश्ता विजापूरच्या दरबारात सतराव्या शतकाच्या आरंभी लिहीत होता, घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी. दारू पाजलेला शिक्केबरदार, गवानाचे नेमके उत्तर, हे तपशील त्याने कसे मिळवले? किल्ला गवानाने बांधला हीसुद्धा परंपरा आहे. मग सत्याच्या चित्रात अर्धवट खात्रीच्या गोष्टी रंगवायच्या का? रंगवाव्यात, पण त्या तशा आहेत हे त्याच भिंतीवर लिहून. चित्राच्या कडेला तीन छोट्या चौकटी काढाव्यात: पक्के काय, कोणाच्या सांगण्यावरून काय, आणि परंपरा काय. गवानाचा वध आणि त्याची तारीख पहिल्या चौकटीत, कोऱ्या कागदाची कथा 'फिरिश्ता सांगतो' या दुसऱ्या चौकटीत, किल्ल्याचे श्रेय तिसऱ्या चौकटीत. ऐकीव, लिखित आणि सिद्ध यांतला फरक मुलाला एकदा भिंतीवर रंगांत दिसला, की पाठ्यपुस्तक वाचतानाही तो चौकटी शोधू लागतो. आपल्या बहुतेक स्मारकांच्या पाट्यांवर या तिन्ही गोष्टी एकाच अक्षरात, एकाच खात्रीने लिहिलेल्या असतात.

पैशाचा आक्षेप मात्र फार वेळ घेण्याच्या लायकीचा नाही. गळकी छते आणि बंद स्वच्छतागृहे आधी नीट करावीत, यात दुमत नाही. पण भिंती रंगतच आहेत. ठेकेदाराच्या वहीतले तेच मोर, तीच कमळे आणि तेच रॉकेट शाळेमागून शाळेत उमटते आहे. त्याच रंगाच्या डब्यांत वेगळा विषय बसतो. लागते ती ठेकेदाराऐवजी चित्रकलेच्या शिक्षकाची मेहनत, आणि इतिहासाच्या शिक्षकाने त्याच्याशेजारी घालवलेले काही तास. बिदरचा मदरसा पुढे औरंगजेबाच्या अमदानीत सैन्याच्या ताब्यात गेला, त्यात दारूगोळा साठवला गेला आणि 1696 च्या सुमारास स्फोट होऊन त्याची एक बाजू उडाली. शाळेची इमारत कशासाठी वापरायची हे विसरले की काय होते, त्याची ती साक्ष म्हणून चित्राच्या एका कोपऱ्यात ढासळलेला मनोरा यायला हरकत नाही.

परंडा तालुक्यातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांनी येत्या वर्षी रंगकामाचा ठराव करताना एक भिंत, निदान एका शाळेची, या विषयासाठी राखून ठेवावी. चित्र मुलांकडून काढून घ्यावे. तज्ज्ञाचे रेखाटन मागवायची गरज नाही; किल्ला समोर आहे, बॉत्तिचेल्लीचे चित्र मोबाइलवर पाहता येते, आणि गवानाची गोष्ट कोणत्याही चांगल्या इतिहासाच्या पुस्तकात आहे. उद्घाटनाला पुढारी बोलवायचाच असेल तर जरूर बोलवा, पण फीत कापल्यावर त्याला त्या भिंतीपुढे उभे करा, आणि सातवीतल्या एखाद्या मुलीला त्याला पहिला प्रश्न विचारू द्या.